उपासनेत सभासदालाही वाटा हवा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या दैनिकात सोलापुरातील चर्चच्या रोषणाईची छायाचित्रे छापून येतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ख्रिस्ती समाजाविषयी काही आलेच, तर ते बहुधा एखाद्या मिळकतीच्या वादाविषयी किंवा विश्वस्तांमधील तंट्याविषयी असते. रविवारी सकाळी चर्चमध्ये जमणारी माणसे तेथे नेमके काय करतात आणि त्यातून ती एकमेकांच्या किती जवळ येतात, याविषयी कोणी लिहीत नाही. यात दैनिकाला दोष देण्याचे कारण नाही, कारण आम्ही ख्रिस्ती लोकच त्याविषयी उघडपणे बोलत नाही. शहरातील एका मराठी मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदसमुदायाची, जन्मापासूनची सभासद आणि निवृत्त शिक्षिका या नात्याने मी ते बोलू इच्छिते. माझे म्हणणे एवढेच आहे की आमची उपासना साधी झाली पाहिजे, तिच्यात पाळकांइतकाच, म्हणजे धर्मगुरूंइतकाच, सभासदांचा आवाज असला पाहिजे, आणि त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी ती चर्चच्या इमारतीतून निघून वस्तीवस्तीतल्या घरांत आली पाहिजे.

नेहमीच्या रविवारची उपासना साधारण दीड तास चालते. गायकवृंदाची गीते, शास्त्रवाचन, पाळकसाहेबांचा संदेश, मध्यस्थीच्या प्रार्थना, दानार्पण आणि सूचना असा तिचा क्रम असतो, आणि यांपैकी जवळजवळ सर्व गोष्टी वेदीच्या बाजूला उभी असलेली पाच-सहा माणसे करतात. बाकावरच्या सभासदाच्या वाट्याला ठरलेले प्रतिसाद म्हणणे, थैलीत पैसे टाकणे आणि आशीर्वाद घेऊन बाहेर पडणे एवढेच उरते. गाणे तरी पूर्वी सर्वांचे होते. आता की-बोर्ड आणि ध्वनिक्षेपक यांचा आवाज इतका चढा असतो की शेजारचा माणूस गातो आहे की नुसते ओठ हलवतो आहे हे कळत नाही, आणि थोड्या महिन्यांनी तो ओठ हलवणेही सोडून देतो. सूचनांचा मोठा भाग कोणत्या ना कोणत्या निधीचा असतो: छताची दुरुस्ती, नवे बाक, नवी ध्वनियंत्रणा. या सगळ्यात कोणाचा मुलगा व्यसनात अडकला आहे, कोणाचे डायलिसिस सुरू आहे, कोणाच्या घरी दोन महिने पगार आलेला नाही, हे एकाच बाकावर वर्षानुवर्षे बसूनही आम्हाला अनेकदा अंत्यविधीच्या वेळीच कळते. पाळकांना मी दोष देत नाही. शेकडो घरांचा भार एका माणसावर टाकून बाकीच्यांनी श्रोते व्हायचे, अशी व्यवस्था आपण सर्वांनीच चालू दिली आहे.

सोलापूरच्या मंडळींच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खटकते, कारण आमचा वारसा याच्या उलट आहे. येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८६० च्या दशकात सुरू झाले, आणि त्या मिशनमागे असलेल्या अमेरिकेतील मंडळ्या मुख्यत्वे काँग्रिगेशनल परंपरेच्या होत्या. त्या परंपरेचे मूळ तत्त्वच असे की प्रत्येक स्थानिक मंडळी ख्रिस्ताखेरीज कोणाच्याही अधीन नाही. सभासद एकमेकांशी करार करून मंडळी स्थापतात, सभासदांची सभा पाळक निवडते, सभासदच नव्यांना सामावून घेतात आणि चुकणाऱ्याला सांभाळतात. मिशनच्या काळात मिशनरी साहेबाचा शब्द या तत्त्वापेक्षा वरचढ ठरत असे, हे खरे आहे, आणि तो इतिहास गोडगोड करून सांगण्यात अर्थ नाही. तरीही तत्त्व शिकवले गेले होते. पुढे १९२४ साली या मंडळ्या प्रेस्बिटेरियन (वडिलांच्या मंडळामार्फत कारभार चालवणाऱ्या) मंडळ्यांसह उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा परंपरांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. ऐक्य ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ऐक्याबरोबर बिशपचे पद, धर्मप्रांताचे कार्यालय आणि समित्यांची उतरंड आली, आणि सभासदांची सभा मात्र वर्षातून एकदा हिशेब मंजूर करण्यापुरती व निवडणुकीच्या चुरशीपुरती उरली. जी माणसे त्या निवडणुकीत हिरिरीने उभी राहतात, त्यांच्यापैकी कितीजणांनी गेल्या वर्षभरात उपासनेत उभे राहून एखादी प्रार्थना केली आहे, हे विचारले तर उत्तर फारसे सुखावह मिळणार नाही.

बायबलच्या नव्या करारातील मंडळी कशी जमत असे, हे पाहण्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की तुम्ही एकत्र येता तेव्हा कोणाजवळ स्तोत्र असते, कोणाजवळ शिकवण, कोणाजवळ प्रकटीकरण. हे सर्व एकमेकांच्या उन्नतीसाठी व्हावे. दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी ते पारखावे, अशी सूचनाही तो तेथेच देतो. ही पारखण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यांवर आहे, ही गोष्ट आमच्या उपदेशांतून क्वचितच सांगितली जाते. जमण्याची जागा म्हणाल तर ती घरे होती. रोमकरांच्या पत्रात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितला आहे, कलस्सैकरांच्या पत्रात नुंफेच्या घरी जमणाऱ्या मंडळीला. प्रिस्का आणि अक्विला हे तंबू करणारे कारागीर जोडपे होते, आणि पौल करिंथात त्यांच्याकडे राहून त्याच धंद्यात काम करीत असे. ज्या शहरात आजही पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार असलेली घरे आहेत, त्या शहराला हे चित्र परके वाटू नये. पुराव्यासाठी फक्त शास्त्रावर विसंबण्याचीही गरज नाही. सीरियातील दुरा-युरोपोस या ठिकाणी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या उत्खननात तिसऱ्या शतकातील एक ख्रिस्ती उपासनास्थान सापडले. ते एक साधे घर होते. दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसे बसतील एवढी जागा केलेली होती आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड होते. मोठमोठ्या बॅसिलिका, म्हणजे भव्य चर्चच्या इमारती, त्यानंतर, चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनचा आश्रय मिळाल्यावर उभ्या राहू लागल्या.

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन लूथर यानेही १५२६ साली जर्मन उपासनाक्रमाच्या प्रस्तावनेत अशा एका तिसऱ्या प्रकारच्या उपासनेविषयी लिहिले होते, जिच्यात मनापासून ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्यांनी आपली नावे नोंदवून एखाद्या घरी जमावे, वाचावे, प्रार्थना करावी आणि एकमेकांना सुधारावे. त्यासाठी आपल्याजवळ अद्याप माणसे नाहीत, असे म्हणून त्याने तो विचार बाजूला ठेवला. सुधारणेच्या पहिल्या पिढीतच राहून गेलेले हे काम प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी पुढे क्वचितच मनावर घेतले.

पण आपल्याकडे या गोष्टीची ओळख जर्मनीहून येण्याची गरज नाही. कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तन रुजवले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाने जी गीते लिहिली, त्यांवर मराठी मंडळीची उपासना आजही उभी आहे, आणि ती गीते टाळ-मृदंगावर, घोळक्याने बसून म्हणण्यासाठी रचलेली आहेत. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या वेतनाचे बंधन सोडले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ उभारण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य तेथे बरोबरीने यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची गीते आम्ही ठेवली, त्यांचा विचार मात्र चरित्रलेखकांच्या स्वाधीन केला. त्याआधी १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला आलेल्या मुली आणि विधवा मोठ्याने, एकाच वेळी, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या, तेव्हा त्यांच्यात कोणी दीक्षित पाळक नव्हती. त्या मुलींपैकी अनेकजणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. त्यांना प्रार्थना करता येते, हे रमाबाईंनी मान्य केले. आज शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रियांना आमच्या मंडळ्या महिला मंडळाच्या वार्षिक दिवसापलीकडे क्वचितच बोलू देतात.

आमच्या जिल्ह्यातच पंढरपूर आहे, आणि सोलापूरच्या कोणत्याही पेठेत एकादशीला एखादे भजनी मंडळ बसलेले दिसते. तेथे एक जण अभंग उचलतो, बाकीचे धरतात, मग दुसरा उचलतो. गाणाऱ्याचा सूर लागला नाही तरी कोणी त्याला खाली बसवत नाही. श्रद्धेचा विषय वेगळा असला तरी एकत्र बसण्याची ही रीत टिळकांनी ओळखली होती. आम्ही मात्र ती सोडून महानगरांतल्या व्यासपीठांची नक्कल करू लागलो आहोत.

यावर कोणी म्हणेल की ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात घरोघर प्रार्थनासभा होतातच. होतात, आणि त्यांचा मला आदर आहे. परंतु त्यांचे स्वरूप पाहिले तर चर्चमधलेच सारे लहान आकारात घरी आलेले असते. मंडपवाल्याकडून खुर्च्या येतात, दारात ध्वनिक्षेपक लागतो, बाहेरून वक्ते बोलावले जातात, पाऊण तास संदेश होतो, आणि मग नाश्ता. कोणाकडे पोहे होते आणि कोणाकडे समोसे-गुलाबजाम, याची चर्चा संदेशापेक्षा अधिक दिवस टिकते. ज्याला नाश्त्याचा खर्च झेपत नाही तो आपल्या घरी सभा मागतच नाही. विडी वळून दिवस काढणाऱ्या बाईच्या घरी पाळकसाहेब आजारपणात येतात, सभा मात्र येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. चालत जाता येईल एवढ्या अंतरावरील सहा ते आठ कुटुंबांचा एक गट असावा. आमची माणसे आता मिशन कंपाउंडभोवती राहत नाहीत. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांसारख्या गिरण्या बंद पडल्यानंतर आणि घरांच्या किमती वाढल्यानंतर ती जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, अक्कलकोट रस्ता, थेट कुंभारीच्या कामगार वसाहतीपर्यंत विखुरली आहेत; मुले पुण्याला गेली आहेत आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना रविवारी रिक्षाचे भाडे परवडत नाही. अशा गटाने आठवड्यातून एका संध्याकाळी तासभर सतरंजीवर बसावे. गीत कोणीही सुचवावे आणि सर्वांनी म्हणावे. ढोलकी असली तर असो, नसली तरी चालेल, ध्वनिक्षेपक मात्र नको. शास्त्राचा एकच उतारा दोन वेळा वाचावा, शक्यतो एकदा एखाद्या मुलाने किंवा मुलीने. आणि ज्या घरात तेलुगू बोलतात तेथे एकदा तेलुगूतून, कारण मराठी आणि तेलुगू उपासना वेगवेगळ्या वेळी ठेवून आपण एकाच वस्तीतली माणसे उगाच दोन ठिकाणी नेत असतो. त्यानंतर काही वेळ शांत बसावे. मग ज्याला जे समजले ते त्याने दोन-तीन मिनिटांत सांगावे, ज्याला बोलायचे नसेल त्याला गप्प बसण्याची पूर्ण मुभा असावी. प्रत्येक घराने आपली गरज नाव घेऊन सांगावी आणि दुसऱ्या घरातील कोणीतरी त्यासाठी प्रार्थना करावी. शेवटी जेवण, तेही ज्याने त्याने आपल्या घरून आणलेली ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, असेल ते कालवण, एवढेच.

या जेवणाला मी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, म्हणत नाही. तो विधी दीक्षित पाळकांच्या हातून चर्चमध्ये होतो, तो तसाच राहावा. त्यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु १९७० साली एकत्र आलेल्या सहा परंपरांपैकी चर्च ऑफ द ब्रदरेन या मंडळीत प्रीतिभोजनाची रीत होती, ज्यात सभासद एकमेकांचे पाय धुतात, साधे जेवण बरोबर करतात आणि मग भाकर मोडतात. त्यांच्या मंडळ्या मुख्यत्वे गुजरातेत आणि आपल्या डहाणूच्या बाजूला होत्या. म्हणजे ज्या गोष्टीला काहीजण ‘नवीन पंथाचे खूळ’ म्हणतील, ती आमच्या संयुक्त मंडळीच्या घरातलीच आहे.

सर्वांत अवघड प्रश्न आता सांगते. चर्चच्या इमारतीचा एक गुण असा की ती भेद झाकते: सर्वजण एका बाकावर बसतात, एका प्याल्यातून पितात आणि घरी जातात. घरातली सभा मात्र कोण कोणाच्या उंबऱ्याच्या आत येतो आणि कोण कोणाच्या हातचे खातो, हे लगेच उघड करते. आमच्यात पूर्वाश्रमीच्या जातीवरून सोयरिकी ठरतात, हे सर्वांना माहीत आहे. कंपाउंडमधली जुनी कुटुंबे आणि खेड्यातून नंतर आलेली कुटुंबे यांच्यातली तेढही माहीत आहे. घरसभा सुरू केल्या तर आपापल्या भाऊबंदांचे गट होतील, अशी भीती एका वडीलधाऱ्या सभासदांनी माझ्याजवळ बोलून दाखवली, आणि ती खोटी नाही. करिंथातही नेमके हेच झाले होते. ज्यांच्याजवळ होते ते आधी जेवून घेत आणि ज्यांच्याजवळ नव्हते ते उपाशी राहत, आणि पौलाने त्यांना त्यासाठी खडसावले. मात्र त्याने घरी जमणे बंद करा असे म्हटले नाही, एकमेकांसाठी थांबा असे म्हटले. म्हणून गट नात्यावर न ठरवता पत्त्यावर ठरवावेत आणि सभा प्रत्येक घरी आळीपाळीने व्हावी, एका खोलीच्या घरीसुद्धा. पुरुष बाहेर वचनावर बोलत आहेत आणि बायका आत चहा गाळत आहेत, असे ज्या घरी होईल तेथे पुढच्या आठवड्यापासून चहा बंद करावा.

दुसरी शंका चुकीच्या शिकवणीची आहे. कोणीही उठून काहीही बोलेल, रोग बरे करण्याच्या नावाखाली पैसे मागेल, औषधे बंद करायला सांगेल, असे म्हटले जाते. हे प्रकार होतात, पण ते एकच माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात तेथे अधिक होतात. सात घरांनी मिळून वाचलेल्या उताऱ्यावर सर्वांना प्रश्न विचारता येत असतील तर भोंदूपणाला जागा कमी राहते. पाळकांचे काम यात कमी न होता बदलते. त्यांनी महिन्यातून एकदा प्रत्येक गटात यावे, सतरंजीवर बसावे, ऐकावे, आणि तेथे निघालेल्या प्रश्नांवर रविवारचा संदेश तयार करावा. धर्मशास्त्राच्या शिक्षणाचा उपयोग याहून चांगला कसा होणार?

शेजाऱ्यांविषयीही सांगितले पाहिजे, कारण आपले बहुसंख्य वाचक ख्रिस्ती नाहीत. सध्याच्या दिवसांत एखाद्या घरी दहा माणसे प्रार्थनेला जमली तरी आसपास शंका घेतली जाते. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने दिलेला धर्मपालनाचा हक्क आपल्या जागी आहे, पण गल्लीत राहायचे तर हक्काबरोबर ओळखही लागते. दार उघडे ठेवावे, आवाज भिंतीबाहेर जाऊ देऊ नये, शेजाऱ्यांना आधी सांगावे, आणि कोणालाही आमिष दाखवून बोलावू नये. हे सभासदांच्या आपसातले जमणे आहे, ते तसेच दिसले पाहिजे.

राहता राहिला पैशाचा मुद्दा, आणि येथे मला इंग्लंडमधील एक प्रसंग उपयोगाचा वाटतो. १७४२ साली ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांमागे एका पुढाऱ्याने घरोघर जाऊन ती गोळा करावी, असे ठरले. पुढारी पैसे गोळा करायला जाऊ लागले तेव्हा त्यांना घरांतली भांडणे, आजार, दारू, दारिद्र्य दिसू लागले, आणि वसुलीची ती योजना काही महिन्यांतच एकमेकांची काळजी घेणाऱ्या साप्ताहिक गटांत बदलली. मेथडिस्ट चळवळीचा कणा पुढे हेच गट झाले. आमच्याकडे छताचा निधी आहे, गोळा करणारी माणसे आहेत, पावतीपुस्तके आहेत. घरात शिरल्यावर पावती फाडण्यापूर्वी दहा मिनिटे बसायचे एवढेच राहिले आहे. गटाचे अर्पण गटातल्याच गरजेला आधी लागावे आणि त्याचा हिशेब तेथेच तोंडी सांगितला जावा, असेही मी सुचवेन. कारण ज्या पैशाचा वापर माणसाला डोळ्यांनी दिसतो तो देताना तो का-कू करीत नाही.

हे सर्व एकदम सर्व मंडळ्यांनी करावे, असा माझा आग्रह नाही. येत्या उपवासकाळात एखाद्या मंडळीने दोन-तीन वस्त्यांपुरते नेहमीच्या प्रार्थनासभांऐवजी असे गट करून पाहावेत, बाहेरचे वक्ते बोलावू नयेत, आणि पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या (ईस्टरनंतरच्या) सभासदांच्या सभेत गटांतील लोकांनाच आपला अनुभव सांगू द्यावा. तो अनुभव वाईट निघाला तर तेही त्या सभेतच उघडपणे सांगितले जावे. शहरातील पाळकवर्गापैकी किंवा पंचांपैकी कोणी या पत्राला विरोध करणारे पत्र पाठवले, तर तेही आपण याच स्तंभात छापावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक सभासद, जुळे सोलापूर